गाडी उलाळ होऊ देऊ नका : पुढच्या आसावरील भाराचा हिशेब



ऊस तुटला, गाडीत भरला, काट्यावर वजन झाले, पावती हातात पडली, म्हणजे वाहतुकीचे काम मार्गी लागले असे आपण समजतो. काटा आपल्याला गाडीत एकंदर किती टन माल आहे ते सांगतो. पण ते टन गाडीच्या कोणत्या चाकांवर बसले आहेत, हे पावतीवर छापलेले नसते. अपघाताचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. एकूण वजन कायद्यात बसते, टायर नवे आहेत, चालक पंधरा वर्षांचा मुरलेला आहे, आणि तरीही वळणावर स्टेअरिंग फिरवले तर गाडी सरळच जाते. असे का होते, याचा साधा हिशेब आम्ही या लेखात मांडत आहोत. हा हिशेब त्रैराशिकाच्या पलीकडचा नाही. ज्याला उसाचे बिल तपासता येते त्याला तो सहज जमेल.

आपल्या सभासदांपैकी कितीतरी जणांच्या घरी आज ट्रॅक्टर आहे. कित्येकांनी ट्रक घेतले आहेत, काहींनी ट्रेलरही घेतले आहेत. हंगामात या गाड्या ऊस ओढतात आणि हंगाम संपला की साखर घेऊन खाली मुंबईकडे, गुजरातकडे जातात. म्हणून शेताच्या बांधापासून थेट मिरा-भाईंदरच्या काशीमिरा नाक्यापर्यंत हा विषय आपलाच आहे.

उलाळ म्हणजे काय

हा विषय आपल्या वाडवडिलांना पुरा ठाऊक होता. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवर ओझेच राहत नाही आणि गाडी मागे कलंडू पाहते. याला आपण गाडी उलाळ झाली म्हणतो. उलट माल पुढे जास्त झाला की सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते, बैल वाकतात आणि खांदे सुजतात. चांगला गाडीवान माल आसाच्या थोडा पुढे ठेवी. जुवावर किंचित भार राहील, बैलाला जाच होणार नाही, अशा बेताने तो गाडी भरी. त्यासाठी त्याने कधी कागदावर आकडेमोड केली नाही. जू हाताने उचलून पाहिले की त्याला कळे.

गाडीतळावर एका जुन्या गाडीवानाशी आमचे याविषयी बोलणे झाले. तो म्हणाला, "सायेब, बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतुया, त्यो शाना हाय. इंजान काय थांबत न्हाई." सगळ्या विषयाचे सार या दोन वाक्यांत आले आहे. बैल पुढे चालायचे नाकारतो. इंजिन मात्र गाडी ढकलतच राहते, आणि वळवायचे काम ज्यांच्याकडे आहे ती पुढची चाके तोवर जमिनीवर नुसती टेकलेली असतात.

बैलगाडीला जशी बैलाची मान, तसा ट्रकला आणि ट्रॅक्टरला पुढचा आस, ज्याला आता सगळे अ‍ॅक्सल म्हणतात. स्टेअरिंग याच आसाच्या चाकांना वळवते. चाकावर भार असेल तरच टायर रस्ता धरतो. भार कमी झाला की पकड कमी होते, आणि भार फार झाला की टायर, पाटे, बेअरिंग व ब्रेक यांचे आयुष्य संपते. तेव्हा पुढच्या आसावर भार बेताचाच हवा.

ट्रॅक्टरचे तोंड का उचलते

प्रथम घरच्या ट्रॅक्टरचे पाहू. सोयीसाठी आम्ही काही आकडे धरले आहेत. आपल्या ट्रॅक्टरचे आकडे थोडे वेगळे असतील, हिशेबाची रीत तीच राहील.

समजा ट्रॅक्टरचे वजन २,३०० किलो आहे. त्यापैकी पुढच्या चाकांवर सुमारे ९०० किलो आणि मागच्या चाकांवर १,४०० किलो. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर २ मीटर. मागे उसाने भरलेल्या दोन चारचाकी ट्रॉल्या. रस्त्याला थोडा चढ आहे आणि त्या ओढायला १,२०० किलोची ओढ लागते.

ही ओढ हुकावर येते. हुक जमिनीपासून वर असतो, म्हणून ओढ ट्रॅक्टरला मागच्या चाकांभोवती मागे उलटवू पाहते. पुढचा भार किती कमी होतो ते असे काढावे : ओढ गुणिले हुकाची उंची, भागिले दोन आसांमधले अंतर.

हुक ५० सेंटिमीटर उंचीवर असेल तर १,२०० गुणिले ०.५ भागिले २, म्हणजे ३०० किलो. पुढे ९०० होते, ६०० राहिले. ठीक आहे.

आता तोच हुक कोणी वर ८० सेंटिमीटरवर लावला, तर ४८० किलो कमी होतात आणि पुढे ४२० उरतात. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहावा असा सर्वसाधारण दंडक आहे. २,३०० चा पाचवा हिस्सा ४६०. म्हणजे हुक फक्त ३० सेंटिमीटर वर नेल्याने आपण धोक्याच्या रेषेखाली आलो.

एवढ्यावर भागत नाही. चढावर थांबलेला ट्रॅक्टर उचलताना क्लच झटकन सोडला की ओढ क्षणभर दुप्पट होऊ शकते. दुप्पट ओढीला ८० सेंटिमीटरच्या हुकावर ९६० किलो कमी होतात. पुढे होते ९००. म्हणजे चाके जमीन सोडतात आणि ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. खालच्या हुकावर मात्र दुप्पट ओढीतही पुढे ३०० किलो शिल्लक राहतात. ट्रॅक्टर तोच, ऊसही तोच आणि चालकही तोच. फरक फक्त हुकाच्या उंचीचा आहे.

दोनचाकी ट्रॉली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिचा काही भार सरळ हुकावर बसतो. समजा हुकावर ८०० किलो बसले आणि हुक मागच्या आसाच्या ७० सेंटिमीटर मागे आहे. तर ८०० गुणिले ०.७ भागिले २, म्हणजे २८० किलो पुढून आणखी गेले. ओढीचे ३०० आणि हे २८० मिळून ५८०. पुढे उरले ३२०. म्हणून दोनचाकी ट्रॉलीला पुढची वजने लावल्याशिवाय भरलेला ऊस ओढू नये.

ट्रॅक्टरच्या तोंडाला लावायची बिडाची वजने कंपनीकडे मिळतात. १५० किलोची वजने पुढच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे बसवली, तर पुढच्या चाकांवर १९५ किलोचे काम होते, कारण ती आसाच्याही पुढे असल्यामुळे तरफेचा फायदा मिळतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्याने मागची पकड वाढते, ते चांगलेच आहे, पण त्याने पुढच्या चाकांवर भार येत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आणि बॉनेटवर माणूस बसवणे हा उपाय नव्हे. तो माणूस कोणाचा तरी मुलगा असतो. खड्ड्यात तोंड आपटले तर तो सरळ चाकाखाली जातो.

साखरेचा ट्रक : वाशीपासून भाईंदरपर्यंत

आता ट्रकचे पाहू. हंगामानंतर साखरेच्या गाड्या खाली उतरतात, तेव्हा पुष्कळदा एका गाडीत दोन व्यापाऱ्यांचा माल असतो. अर्धी पोती नवी मुंबईत वाशीच्या बाजारात उतरतात. उरलेली अर्धी घेऊन गाडी ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट ओलांडते, काजूपाडा व चेणे मागे टाकून काशीमिऱ्याला येते आणि मिरा रोड, भाईंदर किंवा खाडीपलीकडे वसईला जाते.

हा सगळा मुलूख पूर्वी लहान गावांचा व मिठागरांचा होता. १९८५ साली मिरा-भाईंदरची नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. आज तिथे शहराची गर्दी आहे, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग तिच्या काठावरून जातो. या महामार्गाचा जुना क्रमांक ८, आताचा ४८. न्हावाशेव्याच्या बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनरही याच वाटेला लागतात. अवजड गाड्यांना ठराविक वेळेतच सोडतात, म्हणून वेळ साधण्यासाठी चालकांची घाई चाललेली असते. या घाईत वाशीला पोती कशी उतरवली इकडे कोणाचे लक्ष नसते, आणि घात तिथेच होतो.

हिशेब पाहा. दहा टायरी ट्रक. रिकाम्या गाडीचा पुढच्या आसावरचा भार ४ टन. पुढच्या आसापासून मागच्या जोड आसांच्या मध्यापर्यंत अंतर ५ मीटर. हौदा ७ मीटर लांब. साखर १६ टन, म्हणजे ५० किलोची ३२० पोती, हौद्यात सारखी लावली. मालाचा मध्य मागच्या आसांच्या मध्याच्या ८० सेंटिमीटर पुढे येतो असे धरू.

पुढच्या आसावर मालाचे किती येतात? १६ गुणिले ०.८ भागिले ५, म्हणजे २.५६ टन. रिकामे ४ मिळवले की ६.५६ टन. उत्तम.

वाशीला फाळका उघडला. हमालांनी साहजिकच मागची १६० पोती उतरवली. हौद्याच्या पुढच्या अर्ध्या भागात ८ टन उरले. या ८ टनांचा मध्य मागच्या आसांच्या मध्यापासून २.५५ मीटर पुढे आहे. पुढच्या आसावर ८ गुणिले २.५५ भागिले ५, म्हणजे ४.०८ टन. रिकाम्या ४ मध्ये मिळवले की ८.०८ टन.

सभासद बंधूंनो, हा आकडा पुन्हा एकदा वाचा. अर्धी गाडी रिकामी झाली आणि पुढच्या आसावरचा भार दीड टनाने वाढला. चालक म्हणतो, गाडी आता हलकी झाली. हलकी झाली ती मागून. पुढे ती भरल्या गाडीहून जड आहे.

आता उलट पाहा. समजा पुढचा माल बाजूच्या फाळक्याने उतरवला आणि मागची १६० पोती तशीच राहिली. त्या ८ टनांचा मध्य मागच्या आसांच्या मध्याच्या ९५ सेंटिमीटर मागे पडतो. म्हणजे ते पुढच्या आसाला उचलतात. ८ गुणिले ०.९५ भागिले ५, म्हणजे १.५२ टन. रिकाम्या ४ मधून वजा केले की पुढे उरले अडीच टनांहूनही कमी. रिकाम्या गाडीपेक्षाही पुढची चाके हलकी. ही उलाळ गाडी.

तेव्हा अर्धा माल उतरल्यावर उरलेली पोती हौद्याच्या मधोमध, मागच्या आसांच्या किंचित पुढे सरकवून घ्यावी व दोराने आवळावी. हमालीचे चार पैसे जास्त पडतात. ते पडू द्यावेत. शक्य असेल तर कारखान्यातून निघतानाच बेत करावा. दोन्ही व्यापाऱ्यांचा माल हौद्याच्या पूर्ण लांबीत थरांनी लावावा, म्हणजे वाशीला वरचे थर उतरले तरी खालचे थर सारखे पसरलेले राहतात. यात जास्तीचा खर्च काही नाही.

घाटात आणि पावसात

गायमुखच्या घाटाला एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. पावसाळ्यात रस्ता ओला, खड्डे पडलेले, वाहतूक तुंबलेली. २०२४ व २०२५ साली या घाटाच्या दुरुस्तीसाठी अवजड वाहतूक काही दिवस दुसरीकडे वळवावी लागली होती. आपली साखर नेमकी याच दिवसांत खाली उतरते, कारण हंगाम उन्हाळ्याआधी संपलेला असतो.

चढावर गाडीचा भार मागे सरकतो. २८ टनांची भरलेली गाडी, तिच्या भाराचा मध्य जमिनीपासून १.८ मीटर उंच, आसांमधले अंतर ५ मीटर आणि रस्त्याला शंभरात आठचा चढ धरला, तर पुढच्या आसावरून सुमारे ८०० किलो मागे जातात. बरोबर भरलेल्या गाडीला याचे काही वाटत नाही. पण जी गाडी सपाटीवरच उलाळ आहे, तिचे स्टेअरिंग चढावर लोण्यासारखे मऊ लागते. चालक खूश होतो, "आज स्टेरिंग लई मोकळं हाय" म्हणतो. स्टेअरिंग विनाकारण मोकळे लागणे ही खुशीची गोष्ट नव्हे. पुढचा टायर रस्ता सोडत असल्याची ती खूण आहे. ओल्या वळणावर अशी गाडी वळत नाही, समोरच्या लेनमध्ये सरळ घुसते. समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाने आपले काय वाईट केले आहे?

उतारावर ब्रेक लावला की भार पुढे येतो. तेव्हा आधीच ८ टन असलेल्या पुढच्या आसावर आणखी भार पडतो. टायर तापतो, ब्रेकचे ड्रम तापतात, पाट्यांचा आवाज येऊ लागतो. मागचा एक टायर फुटला तर शेजारचा काही वेळ गाडी सावरतो. पुढच्या बाजूला मात्र एकेकच टायर असतो. तो फुटला की स्टेअरिंग हातातून हिसकले जाते.

ट्रेलर व हॉर्स

काही सभासदांनी अलीकडे ट्रेलर घेतले आहेत. निर्यातीची साखर कंटेनरमध्ये भरून बंदरावर जाते, तिला हे लागतात. ट्रेलरचा पुढचा इंजिनाचा भाग, ज्याला चालक मंडळी हॉर्स म्हणतात, आणि मागचा माल वाहणारा भाग हे फिफ्थ व्हील नावाच्या ग्रीस लावलेल्या जाड पोलादी तबकडीवर जोडलेले असतात. ट्रेलरची पुढची खुंटी या तबकडीत अडकते. म्हणजे ट्रेलरचा पुढचा भार तबकडीमार्फत हॉर्सवर येतो, जसा बैलगाडीचा भार जुवामार्फत मानेवर येतो.

यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, माल ट्रेलरवर कुठे ठेवला. खुंटीपासून ट्रेलरच्या मागच्या आसांच्या मध्यापर्यंत ८ मीटर धरू. २४ टनांचा कंटेनर, त्याचा मध्य खुंटीपासून ५ मीटरवर. खुंटीवर येतात २४ गुणिले ३ भागिले ८, म्हणजे ९ टन. उरलेले १५ ट्रेलरच्या आसांवर. ट्रेलरचे स्वतःचे वजन आपण इथे बाजूला ठेवले आहे. आता तोच कंटेनर एक मीटर मागे ठेवला तर खुंटीवर येतात फक्त ६ टन. एका मीटरला ३ टनांचा फरक! एखादी वीस फुटी पेटी लांब ट्रेलरवर ठेवताना ती एक मीटर इकडे-तिकडे झाली तर कोण विचारतो? पण रस्त्यावर तोच एक मीटर भारी पडतो.

दुसरी गोष्ट, तबकडी हॉर्सच्या मागच्या आसाच्या किती पुढे आहे. हॉर्सच्या आसांमधले अंतर ३.६ मीटर, रिकाम्या हॉर्सचा पुढचा भार ४.५ टन व मागचा २.५ टन, आणि तबकडी मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे धरू. खुंटीवरच्या ९ टनांपैकी पुढे जातात ९ गुणिले ०.६ भागिले ३.६, म्हणजे १.५ टन. पुढचा आस झाला ६ टन, मागचा झाला १० टन. दोन्ही ठीक. पण तबकडी बरोबर मागच्या आसावरच बसवलेली असेल तर पुढे काहीच जात नाही. चोवीस टनांचा माल ओढणाऱ्या हॉर्सच्या पुढच्या चाकांवर रिकाम्या हॉर्सचेच साडेचार टन. ओझे वाढले, पण ते वळवणाऱ्या चाकांची पकड तेवढीच राहिली. तबकडी आसाच्या मागे गेली तर ती आणखी कमी होते. म्हणून जुना हॉर्स विकत घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी तबकडी कुठे आहे ते टेप लावून पाहावे. कोणी गॅरेजमध्ये ती हलवलेली असते.

"मग कंटेनर पुढेच सारू," असे कोणी म्हणेल. तेही जमत नाही. कंटेनरचा मध्य खुंटीपासून ३.५ मीटरवर आणला तर खुंटीवर १३.५ टन येतात. पुढचा आस ६.७५ टनांवर राहतो, पण हॉर्सचा मागचा आस १३.७५ टनांवर जातो. चार टायरी एकेरी आसाची कायद्याची मर्यादा ११.५ टन आहे. म्हणजे पुढचे चाक सावरायला गेलो आणि मागचे बिघडले. यासाठीच सगळे आस एकत्र पाहून हिशेब करायचा असतो.

कायदा आणि रस्ता

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या. पुढच्या दोन टायरी आसाला पूर्वी ६ टनांची मर्यादा होती, ती आता सातच्या घरात आहे. चार टायरी एकेरी आसाला १०.२ वरून ११.५ टन झाले, जोड आसाला १९ वरून २१ टन, आणि मोठ्यात मोठ्या ट्रेलरगाडीची एकूण मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. पण ही वाढ आपल्या गाडीला लागू आहे का, हे आर.सी. बुकावर लिहिलेल्या आकड्यावरून ठरते. जुन्या गाडीचा आस जुन्याच ताकदीचा असतो. सरकारी कागदाने लोखंड जाड होत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. दंडाची भीती असावीच. पण मघाचा अर्ध्या मालाचा ट्रक एकूण वजनाच्या काट्यावर अवघा १८ टन भरेल. एकूण वजनाच्या दंडात तो सापडणार नाही, आणि तरीही त्याचा पुढचा आस टनभर जादा असेल. दंड झाला नाही म्हणजे गाडी बरोबर भरली, असे समजू नये.

रस्त्याचेही असेच आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले. त्यातून असे दिसले की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या जवळजवळ चौथ्या घाताने वाढते. म्हणजे सातच्या जागी आठ टनांचा आस गेला तर झीज सुमारे पावणेदोन पट होते. आपल्या शिवाररस्त्यांना हंगामात पडणारे खड्डे पावसामुळे पडतात हे अर्धेच खरे आहे. खाडीवरचा जुना वर्सोवा पूलही २०१६ साली दुरुस्तीला काढावा लागला, तेव्हा अवजड गाड्यांना कित्येक दिवस लांबचे वळण घ्यावे लागले. त्याचे डिझेल कोणाच्या खिशातून गेले, हे गाडीमालकांना सांगायला नको.

काट्यावर कसे तपासावे

आपल्याकडे वजनकाटा आहे. त्याचा उपयोग आसाचा भार पाहायलाही होतो. रीत अशी :

गाडी हळू आणून फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावी. बाकीची गाडी काट्याच्या पातळीतल्या सपाट जागेवर हवी, उतारावर असली तर आकडा चुकतो. गिअर मोकळा ठेवावा, ब्रेक सोडावा, गाडी स्थिर होऊ द्यावी आणि आकडा टिपावा. हा पुढच्या आसाचा भार. मग गाडी पुढे घेऊन ट्रेलर असल्यास हॉर्सची सगळी चाके काट्यावर घ्यावी आणि आकडा टिपावा. त्यातून पहिला वजा केला की हॉर्सच्या मागच्या आसाचा भार कळतो. शेवटी पूर्ण गाडी. त्यातून दुसरा आकडा वजा केला की ट्रेलरच्या आसांचा भार. ट्रकला दोनच आकडे पुरतात. गाडी रिकामी असताना एकदा आणि भरल्यावर एकदा, असे दोन्ही आकडे लिहून गाडीतच ठेवावे. या रीतीत थोडा कमी-जास्त फरक राहतो, पण पाव टनाचा संशय आणि दीड टनाची चूक यांतला भेद तिला नक्की कळतो.

ऊस भरताना

ऊस भरताना टोळीच्या मुकादमाला खालील गोष्टी नीट समजावून सांगाव्यात, कारण गाडी प्रत्यक्ष तोच भरतो.

१. उसाचा बुडखा जड, शेंडा हलका. सगळे बुडखे एकाच अंगाला आले की तो अंग दबतो. एक थर इकडे तोंड करून, दुसरा तिकडे, असे आलटून-पालटून मोळ्या लावाव्यात.

२. हौद्याच्या मागे ऊस बाहेर काढून "अजून दोन मोळ्या" बसवण्याचा मोह टाळावा. मागे बाहेर आलेली प्रत्येक मोळी पुढचे चाक उचलते. शिवाय बाहेर आलेल्या मालाला कायद्याने वेगळा दंड आहे.

३. चढावर ऊस मागे घसरतो. म्हणून पुढच्या बाजूचा दोर सैल असू नये, आणि पहिल्या दोन किलोमीटरनंतर थांबून दोर पुन्हा आवळावा.

४. ट्रॉलीचा हुक कंपनीने दिलेल्या खालच्या जागीच लावावा. उंच सळई वेल्डिंग करून हुक वर नेऊ नये.

५. दोन ट्रॉल्यांत कमी-जास्त माल असेल तर जड ट्रॉली ट्रॅक्टरलगत ठेवावी. मागची जड झाली की ती उतारावर पुढचीला ढकलते व रेटते.

६. चढावर क्लच हळू सोडावा. पुढची चाके उचलू लागली तर लगेच क्लच दाबावा. अ‍ॅक्सिलरेटर वाढवणे हा उपाय नव्हे, तो अपघात आहे.

७. हुकाजवळच्या दांडीवर, बॉनेटवर किंवा उसावर कोणालाही बसू देऊ नये. तोडणीची बाया-माणसे आणि त्यांची लेकरे दूरच्या जिल्ह्यांतून आपल्या भरवशावर आलेली असतात.

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून एका खेपेत जास्त टन न्यावेत असे सर्वांनाच वाटते. त्यात नवल नाही. पण एका खेपेत वाचवलेले डिझेल आणि एका तुटलेल्या पाट्याची, फुटलेल्या टायरची किंमत शेजारी-शेजारी लिहून पाहावी. उलटलेल्या गाडीची किंमत तर त्या वहीत लिहिताच येत नाही.

येत्या हंगामाआधी ज्या सभासदांना आपल्या ट्रॅक्टरचा, ट्रकचा किंवा ट्रेलरचा आसनिहाय भार पाहून घ्यायचा असेल, त्यांनी आर.सी. बुक घेऊन शेतकी खात्यात यावे. काटा मोकळा असेल त्या वेळेला आम्ही तो पाहून देऊ आणि हिशेबही समजावून सांगू. सोबत गाडी चालवणाऱ्याला अवश्य आणावे. मालकाला कळून उपयोग नाही, स्टेअरिंग ज्याच्या हातात आहे त्याला कळले पाहिजे.

कळावे.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते